जगाचा सर्वांत मोठा खर्चीवाला

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इचलकरंजीच्या यंत्रमाग उद्योगात ‘खर्चीवाला’ असा एक शब्द रूढ आहे. माग त्याचे, शेड त्याची, विजेचे बिल त्याच्या नावावर आणि कामगारांशी रोजची हुज्जतही त्यानेच घालावयाची. पण सूत व्यापाऱ्याचे आणि विणून झालेले कापडही व्यापाऱ्याचेच. खर्चीवाल्याला मिळते ती विणाईची मजुरी, तीही पिकामागे पैशांत मोजलेली. कापडाचा भाव वधारला तरी त्या वाढीतील वाटा त्याच्या पदरात आपोआप पडत नाही; मंदी आली म्हणजे मात्र माग त्याचेच आधी थांबतात. हा माणूस मालक की मजूर, या प्रश्नाचे उत्तर तो कोण विचारतो यावर अवलंबून असते. कामगाराला तो मालक दिसतो आणि व्यापाऱ्याला मजूर.

तैवानमधील होन हाय ही कंपनी ‘फॉक्सकॉन’ या व्यापारी नावाने जगभर ओळखली जाते. तिचा प्रपंच समजून घ्यावयाचा तर हा खर्चीवाला डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगी पडेल. ॲपलचे आयफोन, सोनीची खेळयंत्रे, डेलचे संगणक अशा असंख्य वस्तू या कंपनीच्या कारखान्यांत तयार झाल्या. परंतु त्यांवर तिची छाप नाही. आराखडा दुसऱ्याचा, नाव दुसऱ्याचे, बाजारपेठ दुसऱ्याची. २०२३ साली कंपनीची एकूण विक्री सुमारे ६ लाख १६ हजार कोटी तैवानी डॉलर होती आणि निव्वळ नफा सुमारे १४ हजार २०० कोटी. म्हणजे शंभरांमागे सव्वादोनच्या किंचित वर. त्याच वर्षी तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेल्या ॲपलला शंभर डॉलरांच्या विक्रीमागे पंचवीस डॉलर निव्वळ नफा झाला. आकाराने राक्षसी आणि नफ्याच्या दराने अशी कृश असलेली संस्था वाढली कशी आणि कोणाच्या बळावर वाढली, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा तर आहेच. परंतु ज्या कारखान्यासाठी आपल्या राज्यातील पुढारी एकमेकांवर चिखलफेक करतात, तो कारखाना कोणत्या मुशीतून निघालेला असतो हे कळावे म्हणून कामगार चळवळीनेही तो विचारला पाहिजे.

कंपनीची स्थापना १९७४ सालची. टेरी गौ या तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणाने साडेसात हजार अमेरिकी डॉलरांच्या भांडवलावर, त्यातही आईकडून घेतलेल्या पैशांवर, तैपेईजवळ एक लहानशी शेड थाटली. माल म्हणजे कृष्णधवल दूरचित्रवाणी संचांची प्लास्टिकची बटणे. पहिल्या दिवसापासूनच हा धंदा दुसऱ्याच्या वस्तूचा एखादा भाग पुरविण्याचा होता. सुरुवातीच्या नफ्यातून गौ यांनी साचे बनविण्याची स्वतःची कर्मशाळा उभारली, आणि पुढच्या साऱ्या इतिहासात हा निर्णय निर्णायक ठरला. भोसरी-चिंचवडच्या लघुउद्योगांत वावरलेल्या माणसाला टूलरूमच्या कारागिराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. साचा ज्याच्या हाती, त्याला नमुना लवकर देता येतो. आणि नमुना लवकर देणाऱ्याच्या दारात गिऱ्हाईक पुन्हा येते. १९८० साली अटारी या अमेरिकी कंपनीच्या खेळयंत्रांसाठी जोडणीचे सुटे भाग करण्याचे काम मिळाले. त्यानंतर गौ यांनी अमेरिकेत अकरा महिने मोटारीने फिरून गिऱ्हाइके गोळा केली. या फेरीच्या अनेक सुरस कथा सांगितल्या जातात. उद्योगपतींच्या चरित्रांत अशा कथांना तोटा नसतो, तेव्हा त्यांत फार वेळ घालविण्याचे कारण नाही.

महत्त्वाचा बदल गौ यांच्या कर्तबगारीबाहेर घडत होता. १९८१ साली आय. बी. एम. ने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला आणि त्यातील मुख्य फलकाच्या जुळणीचे काम अलाबामातील एस. सी. आय. या कंपनीकडे दिले. तेथून पुढच्या दोन दशकांत अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने हळूहळू एक नवे शहाणपण आत्मसात केले: कारखाना बाळगणे हे भांडवलावरचे ओझे आहे. यंत्रे झिजतात, कामगार संघटना करतात, मागणी घटली तरी पगार द्यावा लागतो. त्यापेक्षा आराखडा, नाममुद्रा आणि विक्री एवढे आपल्याकडे ठेवावे व घडविण्याचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घालावे. सोलेक्ट्रॉन, फ्लेक्सट्रॉनिक्स यांसारख्या कंत्राटी कंपन्या अशा रीतीने मोठ्या झाल्या. बड्या कंपन्यांनी टाकून दिलेले कारखानेच त्यांनी विकत घेतले. २००४ साली ॲपलनेही अमेरिकेतील आपला अखेरचा कारखाना बंद केला. होन हायची रीत या सर्वांहून थोडी निराळी. जुळणीचे दर ती इतके खाली आणी की प्रतिस्पर्ध्याला परवडू नये, आणि आतील जोडण्या, केबली, धातूचे व प्लास्टिकचे सांगाडे हे स्वतःच्या साच्यांवर काढून त्यांत आपला नफा काढून घेई. २००५ च्या सुमारास या धंद्यात तिच्यापुढे कोणी उरला नाही.

पण जुळणीचे दर इतके खाली आणावयाचे तर त्यासाठी लागणारी माणसे कोठून आणावयाची? त्याचे उत्तर समुद्राच्या पलीकडे होते. १९८८ साली कंपनीने शेन्झेन येथे पाऊल ठेवले. चीनने १९८० सालीच या भागाला विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून जाहीर केले होते. जमीन स्वस्त होती, करात सूट होती. परंतु असल्या सवलती आशियात अन्यत्रही मिळत होत्या. अन्यत्र नव्हती ती हुकोउ ही कुटुंबनोंदणीची पद्धत. १९५८ सालच्या कायद्याने घट्ट केलेल्या या पद्धतीत ज्याची नोंद खेड्यात, त्याचे हक्कही खेड्यातच. हूनान, सिच्वान, हनान या प्रांतांतील तरुण-तरुणी शेन्झेनमध्ये येऊन राबू शकत. पण शहरातील शाळा, घर, दवाखाना यांवर त्यांचा शहरवासीयासारखा अधिकार नसे. शहराला त्यांचे हात हवे होते; त्यांचे आजारपण, त्यांची मुले आणि त्यांचे म्हातारपण गावाने सांभाळावयाचे. ज्या पक्षाच्या झेंड्यावर विळा आणि हातोडा आहे त्या पक्षाने विळेवाल्याला हातोडा उचलण्याची परवानगी दिली, पण शहरात घर करण्याची दिली नाही.

मराठी माणसाला ही व्यवस्था अगदीच अपरिचित वाटू नये. मुंबईच्या कापडगिरण्याही कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी दिलेल्या अशाच अनुदानावर चालल्या. गिरणीच्या पगारात एकट्याचे पोट भरे. बायकामुलांचे पोट गावची शेती भरी, आणि दम्याने खोकणारा म्हातारा कामगार शेवटी गावच्याच ओसरीवर येऊन टेके. तथापि एक फरक होता आणि तो लहान नव्हता. पाळी सुटल्यावर गिरणगावातला चाकरमानी मालकाच्या नजरेबाहेर जाई. त्याची खोली गावकऱ्यांच्या गाळ्यात, जेवण खाणावळीत, संध्याकाळ तालमीत किंवा भजनी मंडळात. लाल बावट्याची सभा, संपाचा निर्णय, संपकाळातील उधारी हे सारे या मालकाबाहेरच्या जगात घडले. शेन्झेनच्या लोंगहुआ वसाहतीत २०१० च्या सुमारास तीन लाखांहून अधिक माणसे राबत होती, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला निजावयाची खाटही कंपनीचीच होती. पाळीपाळीने कामावर जाणारे, निरनिराळ्या प्रांतांचे, एकमेकांची बोली न समजणारे कामगार एका खोलीत टाकले जात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नाव ठाऊक नाही अशी स्थिती चौकशी करणाऱ्यांना वारंवार आढळली.

या खाटेचा अर्थशास्त्रीय अर्थ काय, हे एका प्रसंगावरून उमगते. ॲपलच्या एका माजी अधिकाऱ्याच्या हवाल्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जानेवारी २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला होता. आयफोन बाजारात येण्यास थोडेच आठवडे उरले असताना त्याची काच बदलण्याचे ठरले. नव्या काचा कारखान्यात मध्यरात्रीच्या सुमारास पोचल्या. मुकादमाने वसतिगृहातील आठ हजार कामगारांना उठविले, प्रत्येकाच्या हाती एक बिस्किट आणि चहाचा कप दिला, आणि अर्ध्या तासाच्या आत बारा तासांची पाळी सुरू झाली. अमेरिकेतला कोणताही कारखाना याची बरोबरी करू शकणार नाही, असे त्या अधिकाऱ्याने कौतुकाने सांगितले होते.

आधुनिक व्यवस्थापनशास्त्रात मालाचा साठा हे पाप मानले जाते. सुटा भाग लागेल त्या क्षणी यावा, तयार वस्तू त्याच दिवशी निघावी, गोदामात पैसा अडकू नये, हा या शास्त्राचा मंत्र. परंतु साठा नाहीसा होत नाही; तो फक्त जागा बदलतो. गिऱ्हाईक कंपनी काचांचा साठा करीत नाही, कारण तिच्यासाठी कोणीतरी माणसांचा साठा करून ठेवलेला असतो. सप्टेंबरात नवा फोन येतो, नाताळापर्यंत त्याचा खप भरात असतो, आणि पुढे मागणी ओसरते. त्या तीन-चार महिन्यांसाठी लाखभर जादा हात लागतात व नंतर ते लागत नाहीत. मुंबईच्या गिरणीतला बदली कामगार रोज सकाळी फाटकाशी येऊन उभा राही आणि काम नसले तर परत जाई. येथे तो फाटकाच्या आत निजून राहतो, एवढीच सुधारणा. होन हाय गिऱ्हाइकाला जे विकते त्यात साच्यांचे कौशल्य आहे, जुळणीची शिस्त आहे, हे मान्य करूनही म्हणावे लागते की तिचा सर्वांत दुर्मिळ माल हाच: मागताक्षणी उभी राहणारी आणि नको असताना विरून जाणारी माणसांची फौज.

या मालाला भाव किती मिळतो? युकिंग शिंग आणि नील डेटर्ट या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१० साली आयफोनच्या एका जुन्या नमुन्याचा हिशेब मांडला. १७८ डॉलर ९६ सेंट एवढ्या उत्पादनखर्चात चीनमधील जुळणीचा वाटा साडेसहा डॉलरांचा होता. २०११ साली केनेथ क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या नमुन्याच्या विक्रीच्या किमतीचा हिशेब केला: ॲपलचा वाटा शेकडा ५८.५, चिनी श्रमिकांचा शेकडा १.८. हे आकडे आता जुने झाले आहेत आणि चीनमधील मजुरी त्यानंतर पुष्कळ वाढली आहे. तरीही एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते. मजुरी दुप्पट केली असती तरी फोनची किंमत शेकडा दोननेही वाढली नसती. म्हणजे मजुरी कमी ठेवण्याची गरज गिऱ्हाइकाच्या खिशाला नव्हती. ती शेकडा सव्वादोनांवर जगणाऱ्या खर्चीवाल्याला होती. मधल्या माणसाला इतके आवळून ठेवावयाचे की त्याने आपणहून खालच्याला आवळावे, आणि वरच्याचे हात मात्र स्वच्छ राहावेत, ही या कराराची खरी रचना.

२०१० साली या रचनेचे मोल उघड झाले. त्या एका वर्षात चीनमधील फॉक्सकॉनच्या अठरा तरुण कामगारांनी आत्महत्येचा प्रयत्न केला; त्यांपैकी चौदा जण दगावले. बहुतेकांचे वय सतरा ते पंचविसाच्या दरम्यान होते. कंपनीने इमारतींना जाळ्या बांधल्या, समुपदेशक नेमले आणि जूनमध्ये मूळ वेतन ९०० युआनवरून १,२०० वर नेले. चीन, हाँगकाँग आणि तैवानमधील वीस विद्यापीठांच्या अभ्यासकांनी संयुक्त चौकशी केली आणि वसतिगृह, सक्तीचा जादा वेळ व लष्करी शिस्त यांवर बोट ठेवले. त्याआधी २००६ साली कारखान्यातील परिस्थितीवर लिहिणाऱ्या दोन चिनी पत्रकारांवर कंपनीने तीन कोटी युआनचा दावा लावला होता आणि त्यांची व्यक्तिगत मालमत्ता गोठवून घेतली होती. गवगवा झाल्यावर दाव्याची रक्कम एका युआनवर आणली गेली व पुढे दावाच मागे घेतला गेला. २०१२ साली फेअर लेबर असोसिएशनने तीन कारखान्यांतील सुमारे ३५ हजार कामगारांना प्रश्न विचारले, तेव्हा महिन्याला ३६ तासांची जादा कामाची कायदेशीर मर्यादा सर्रास ओलांडली जात असल्याचे पुन्हा सिद्ध झाले.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. खेड्यात बिनमजुरी राबणाऱ्या मुलीला या कारखान्याने पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा पगार दिला, आणि नोकऱ्यांसाठी फाटकापुढे लागणाऱ्या रांगा काही कोणी बंदुकीच्या धाकाने उभ्या केल्या नव्हत्या, असे या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात. ते खोटे नाही. शेतीत अर्धपोटी राहण्यापेक्षा कारखाना बरा, हे मुंबईला आलेल्या पहिल्या गिरणी कामगारालाही ठाऊक होते. पण त्याची मजुरी वाढली आणि दिवस लहान झाला तो त्या रांगेमुळे नव्हे. रांगेतल्या माणसांनी एकमेकांशी बोलावयास सुरुवात केली म्हणून झाला. म्हणून आक्षेपाचे उत्तर ‘कारखाना नको’ असे नसून, त्या बोलण्याची सोय कारखान्यात आहे की नाही या तपासणीत आहे.

शेन्झेनमध्ये मजुरी वाढू लागताच कंपनीने आतल्या प्रांतांकडे मोर्चा वळविला. २०१० साली हनान प्रांतातील जंगजौ येथे नवा कारखाना उभा राहू लागला. २०१६ च्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याची कथा सविस्तर छापली: स्थानिक सरकारने कारखान्याच्या आणि वसतिगृहांच्या इमारती बांधून दिल्या, रस्ते केले, वीज आणली, सीमाशुल्काची कचेरी दारात आणून बसविली, निर्यातीवर बक्षीस ठेवले आणि कामगारभरतीचा भारही उचलला. खेड्यापाड्यांतील अधिकाऱ्यांना माणसे पुरविण्याचे कोटे दिले गेले. व्यवसायशाळांतील विद्यार्थी ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून जुळणीला उभे केले गेले. त्यांपैकी काहींनी बेकायदा जादा तास काम केल्याची कबुली ॲपल आणि फॉक्सकॉन या दोघांनीही २०१७ मध्ये दिली. २०१९ मध्ये आणखी एक कबुली आली, की कंत्राटदारामार्फत आणलेल्या कामगारांचे प्रमाण शेकडा दहाच्या कायदेशीर मर्यादेपलीकडे गेले होते. हंगामात तीन लाखांच्या आसपास माणसे या एका ठिकाणी काम करीत. गौ यांनी २०११ साली तीन वर्षांत दहा लाख यंत्रमानव बसविण्याची घोषणा केली होती. ते दहा लाख काही आले नाहीत. माणूस इतक्या सवलतीत मिळत असताना यंत्रमानवाची घाई कोणाला?

ऑक्टोबर २०२२ मध्ये याच जंगजौत साथीच्या निर्बंधांमुळे कामगारांना फाटकाच्या आत कोंडण्यात आले, तेव्हा त्यांतील हजारोंनी कुंपण ओलांडले आणि बोचकी पाठीवर घेऊन हमरस्त्याने, शेतांतून, पायी गावाची वाट धरली. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबई-नाशिक मार्गावर ज्यांनी परप्रांतीय मजुरांचे तांडे पाहिले त्यांना त्या चित्रांचे वर्णन करून सांगावयास नको. नव्या भरतीला कबूल केलेला बोनस मिळणार नाही असे कळल्यावर नोव्हेंबरात दंगल उसळली. कंपनीने प्रत्येकाला दहा हजार युआन देऊन घरी पाठविण्याची तयारी दाखविली.

सरकारांना आपसांत झुंजविण्याची ही विद्या चीनपुरती राहिली नाही. २०१७ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याने फॉक्सकॉनला सुमारे तीन अब्ज डॉलरांच्या सवलती देऊ केल्या. बदल्यात दहा अब्ज डॉलरांची गुंतवणूक आणि तेरा हजार नोकऱ्या मिळावयाच्या होत्या. माउंट प्लेझंट या गावी लोकांची घरे व शेते घेण्यात आली, जून २०१८ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी स्वहस्ते कुदळ मारली. एप्रिल २०२१ मध्ये करार दुरुस्त झाला तेव्हा उरली होती ६७ कोटी डॉलरांची गुंतवणूक आणि १,४५४ नोकऱ्या.

त्याच्या दोन वर्षे आधी, ८ ऑगस्ट २०१५ रोजी, मुंबईत असाच एक समारंभ झाला होता. टेरी गौ आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर गुंतविण्याचा सामंजस्य करार झाला आणि पन्नास हजार रोजगारांची वार्ता वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकली. कारखाना आला नाही. येणार नाही हे जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी सांगून टाकले. मग सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत आणि फॉक्सकॉन यांनी अर्धवाहक निर्मितीच्या १ लाख ५४ हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी गुजरातशी करार केला, आणि तळेगावच्या तोंडचा घास पळविला म्हणून महाराष्ट्रात मोठा आक्रोश झाला. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी महिनोन्महिने एकमेकांचे वाभाडे काढले. दहा महिन्यांनी, १० जुलै २०२३ रोजी, फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. गुजरातलाही तो घास लाभला नाही. या साऱ्या गदारोळात किती कोटींची सवलत, किती पाणी, कोणत्या दराने वीज आणि कामगाराला कोणत्या अटी, ही चर्चा मात्र कोणत्याही सभेत ऐकू आली नाही. दारी आलेल्या वराला हुंडा किती द्यावयाचा यावर दोन घरांची चढाओढ लागली, आणि मुलीला कोणी काही विचारले नाही.

हिंदुस्थानात फॉक्सकॉन खरोखर रुजली ती तामिळनाडूत, आणि तेथील अनुभव महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहण्यासारखा आहे. श्रीपेरुम्बुदूर येथे नोकियाच्या छायेत तिचा पहिला कारखाना चालला. २०१० साली तेथील कामगारांनी सिटूच्या नेतृत्वाखाली संघटनेच्या मान्यतेसाठी संप केला. शेकडो कामगारांना अटक झाली. २०१४ च्या नोव्हेंबरात नोकियाचा कारखाना बंद पडला आणि पाठोपाठ फॉक्सकॉननेही काम थांबविले. व्यापाऱ्याने सूत थांबविले की खर्चीवाल्याचे माग थांबावेत, तसेच. २०१९ पासून त्याच परिसरात आयफोनची जुळणी सुरू झाली. कामगार मुख्यतः खेड्यांतून आलेल्या तरुण मुली, राहण्याची सोय कंत्राटदारांच्या वसतिगृहांत. डिसेंबर २०२१ मध्ये अशा एका वसतिगृहातील अन्नातून विषबाधा होऊन १५९ जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले. १८ डिसेंबरला त्यांच्या मैत्रिणींनी चेन्नई-बंगळूर हमरस्ता अडविला. पोलिसांनी धरपकड केली. पण कारखाना बंद राहिला, ॲपलने त्याला निरीक्षणाखाली ठेवले आणि वसतिगृहे व भोजनगृहे ठरलेल्या दर्जाची नसल्याचे मान्य केले. १२ जानेवारी २०२२ ला कारखाना पुन्हा उघडला. ज्या मुलींची कोणतीही मान्यताप्राप्त संघटना नव्हती त्यांनी एका रस्त्यावर बसून जे मिळविले, ते गिऱ्हाईक कंपनीच्या वर्षानुवर्षांच्या तपासण्यांनी मिळविले नव्हते.

यातून शासनाने काढलेला निष्कर्ष असा की वसतिगृहे सरकारने बांधावीत. ऑगस्ट २०२४ मध्ये वल्लम वडगाल येथे तामिळनाडूच्या औद्योगिक महामंडळाने सुमारे ७०० कोटी रुपये खर्चून उभारलेल्या १८,७२० खाटांच्या वसाहतीचे उद्घाटन झाले. स्वच्छ खोली आणि शुद्ध अन्न मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे, तिची कुचेष्टा करण्याचे कारण नाही. परंतु हा श्रमाच्या गोदामाचा खर्च आहे आणि तो आता जनतेच्या खजिन्यातून होतो, एवढी नोंद हिशेबात असावी. त्याच वर्षी जूनमध्ये ‘रॉयटर्स’ने वृत्त दिले की विवाहित स्त्रियांना या कारखान्यातील जुळणीच्या कामावर घेण्याचे भरती करणारे टाळतात, केंद्राने राज्याकडे अहवाल मागविला. आपण असा भेदभाव करीत नाही, असे कंपनीचे म्हणणे. विवाहित स्त्रीला पाळी संपल्यावर घरी जावयाचे असते. ती साठ्यात ठेवता येत नाही. तेव्हा असे टाळणे झाले असेल तर त्यामागे पूर्वग्रहाइतकाच हिशेबही आहे.

राहिला प्रश्न तासांचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकाने बारा तासांच्या पाळीला आणि स्त्रियांच्या रात्रपाळीला वाट करून देणारी दुरुस्ती केली. त्यामागे ॲपल आणि फॉक्सकॉन यांनी केलेला पाठपुरावा होता, असे ‘फायनान्शियल टाइम्स’ने पुढच्याच महिन्यात लिहिले. २१ एप्रिलला तामिळनाडूच्या विधानसभेने तसेच विधेयक मंजूर केले. पण तेथे सत्ताधाऱ्यांचे मित्रपक्ष सभात्याग करून बाहेर पडले, सर्व रंगांच्या कामगार संघटना एका व्यासपीठावर आल्या, आणि १ मे रोजी मुख्यमंत्री स्टालिन यांनी विधेयक मागे घेतल्याचे जाहीर केले. कारखाने तामिळनाडू सोडून गेले नाहीत; उलट जुळणीचे काम वाढतच गेले.

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. कारण सांगण्यात आले ते गुंतवणूक आकर्षित करण्याचे. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असेही त्यात आहे. ती संमती कारखान्याच्या फाटकात घेतली जाणार की भरतीच्या दिवशी कंत्राटदाराच्या छापील फॉर्मावर, एकदा दिल्यावर ती मागे घेता येणार की नाही, आणि मागे घेणाऱ्या मुलीची वसतिगृहातील खाट दुसऱ्या दिवशी शिल्लक राहणार की नाही, हे प्रश्न चाकण, रांजणगाव आणि तळेगावच्या प्रत्येक कारखान्यात आतापासून लेखी विचारले गेले पाहिजेत. आणि उत्तरेही लेखी घेतली पाहिजेत.